इनामदारांच्या हौदाचं पाणी

सातारा, एस. टी. स्टँड
एप्रिल १९७३

प्रिय अंजू,

हे पत्र हातात पडलं की आधी खोलीचं दार लोटून घे. त्रिशला आत असली तरी चालेल. तिच्या पोटात गोष्ट राहते, राहत नाही ती तुझ्याच. अक्षर पाहून हसू नकोस. स्टँडवरच्या लाकडी बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन लिहिते आहे. शेजारचे गृहस्थ सारखा पाय हलवतात, त्यांच्या पायाबरोबर बाक हलतो आणि बाकाबरोबर माझं अक्षर. म्हसवडच्या गाडीचा पत्ता नाही. चौकशीच्या खिडकीतला माणूस दर वेळी मान वर न करता 'येईल' म्हणतो. मला तर एका जागी बसवत नाही. चार ओळी लिहिते, उठते, फलाटाच्या टोकापर्यंत जाते, रसवंतीची घुंगरं ऐकून परत येते. मघाशी समोर सांगलीची गाडी लागली तेव्हा पिशवी उचलून तिच्या दारापर्यंत गेलेही होते. वाटलं, सरळ तुझ्याकडं यावं आणि तोंडानं सगळं सांगून मोकळं व्हावं. पण तुझी परीक्षा तोंडावर आली आहे, आणि मी आले असते तर तू दोन दिवस रडण्यात घालवले असतेस. म्हणून परत बाकावर येऊन बसले.

मी साताऱ्याला कशासाठी आले ते तुला ठाऊक आहे, आणि खरं सांगू, मला तुझा राग आला आहे. तुझ्या वडिलांचा नाही. दादासो माझा थोरला भाऊ, त्याला मी जन्मापासून ओळखते. इनामदारांचं स्थळ आलं म्हटल्यावर तो हुरळणारच. मुलगा वकील, घर मंगळवार पेठेत, आणि घर म्हणजे असं की पुण्याचे प्रोफेसर कॅमेरे गळ्यात अडकवून बघायला येतात. दादानं मनातल्या मनात वैशाखातला मुहूर्तसुद्धा धरून टाकला. मी म्हटलं, पोरीचं बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलंय, त्याचं काय? तर म्हणाला, "अगं, त्या घरात गेल्यावर तिला कशाला पायजे ते? लोक लांबनं लांबनं बगाय येत्यात त्या घरात ती ऱ्हाईल!" यावर काय बोलायचं? पण तू? आपल्या तोंडानं नाही म्हणायचं सोडून तू बापाला लिहिलंस, 'आत्या घर बघून येईल, ती म्हणेल ते मला मान्य.' ते वाचलं तेव्हा तुझ्या पाठीत दोन धपाटे घालावेसे वाटले. स्वतःच्या गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात अडकवलंस आणि तिकडं मोकळी झालीस. तेव्हापासून मला धड झोप नाही. हो म्हणावं तर तुझं शिक्षण संपलं, आणि नाही म्हणावं तर पुढं असं घर मिळालं नाही म्हणून जन्मभर तू मला बोल लावशील. लावणार नाहीस म्हणतेस? बघू.

आगाऊ न कळवता घर बघायचं, ही युक्ती दादाची. "कळवलं की लोक सतरंज्या झटकत्यात, सुना नव्या लुगड्यात दिसत्यात. तू आपली मास्तरीण म्हनून जा. शाळेची सहल काढायचीय, जुनी घरं बगाय आलीया म्हन. आन एक ध्यानात ठेव, पानी पिऊ नगंस." आपल्या घरची ही रीत तुला सांगायला नको, पण तुम्ही हॉस्टेलच्या मुली चार पुस्तकं वाचता आणि रीती विसरता, म्हणून सांगते. ज्या घरात लेक द्यायची त्या घरचं पाणी, तिच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत, माहेरच्या वडीलधाऱ्यांनी प्यायचं नाही. आपल्याकडं घर बघायला जातानाही हाच नेम. प्यायलं, की इथं लेक द्यायची नाही असा अर्थ झाला. माझे आजोबा, आमचे आबा, माझ्या थोरल्या बहिणीसाठी, साळूबाईसाठी, वाठारकडं एक घर बघायला गेले होते. ऐसपैस घर, दावणीला खिलारी बैलं, सगळं जुळत आलेलं. आणि उठता उठता आबांनी तांब्या मागून घेतला, सगळ्यांच्या देखत घटाघटा रिकामा केला आणि मिशा पुसल्या. आबांची गाडी जुंपली गेली, विषय संपला. आम्ही पोरी नंतर कित्येक दिवस 'आबांचं पाणी' खेळायचो. एकीनं भारदस्त तोंड करून रिकामा तांब्या ओठाला लावायचा आणि बाकीच्यांनी गळे काढायचे. आबांनी ते पाणी का मागितलं, हे मात्र तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तर सहलीची थाप मारायची म्हटल्यावर सहलीसारखं हिंडायला नको का? खरं म्हणजे इनामदारांच्या दाराकडं माझे पाय वळत नव्हते. गाडीतून उतरले ती आधी जुन्या राजवाड्यावर गेले. तिथं शाळा भरते. एवढाले कोरीव खांब, आणि पोरं त्यांना दप्तरं टेकवून लंगडी घालतात. मग फुटक्या तळ्याला वळसा घातला. नाव फुटकं, पण दुष्काळाच्या या सालीही तळाशी पाणी धरून आहे बिचारं. नगरवाचनालयाच्या दारातून आत डोकावले, दोन मुली मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत होत्या, त्यांच्याकडं उगाच बघत राहिले. मग मंगळवार पेठेतल्या गल्ल्या चढायला लागले. दगडी जोती, दारावर महिरपी, दोन्ही अंगांना दिव्यांचे कोनाडे, आणि मान वर केली की अजिंक्यतारा. एका देवडीत शिंपी मशीन चालवत होता. दुसऱ्या एका सदरेवर पिठाची गिरणी घरघरत होती, आणि जिथं कुणी सरदार मिशीला पीळ देत बसला असेल तिथं बायका डबे घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. मला तेच आवडलं, सांगून ठेवते. प्रत्येक दारापुढं वाटायचं, हेच ते घर असावं. आणि लगेच वाटायचं, नसावं. ऊन चढत होतं, आणि मी एकच गल्ली दोनदा चढून दोनदा उतरले.

चढता चढता मला सांगली आठवत होती. तुला विश्रामबागेत हॉस्टेलवर सोडायला आले होते तेव्हा त्रिशला आपल्याला गावभागात घेऊन गेली होती. गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट, आणि मग तिचं ते जुनं घर, ज्याच्या दारावरची नक्षी मी मान मोडेपर्यंत बघत राहिले. त्यांच्यात सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून तिच्या आईनं, चंदनबालाबाईंनी, आपल्याला घाईनं पाटावर बसवलं. आणि तू ताट सोडून भिंतीवरची महापुराची खूण न्याहाळत बसलीस. नदी एवढी लांब, मग पाणी इथवर चढलं तेव्हा घाटावर किती असेल, असं काहीतरी बोटांवर मोजत होतीस. आमटी गार झाली. चंदनबालाबाई हसून म्हणाल्या, "ही पोरगी घर बगत न्हाई, पानी बगती." त्या दिवशी मला तुझी इतकी लाज वाटली होती, आणि आज गल्लीत उभी राहून तेच आठवून माझा जीव वरखाली होत होता.

इनामदारांचं घर शेवटी सापडलंच. दिंडीतून आत गेलं की फरसबंद चौक, आणि चौकाच्या मधोमध काळ्या दगडाचा हौद. काठोकाठ भरलेला. दगडी गोमुखातून त्यात धार पडत होती. अंजू, तुला कसं सांगू? आमच्याकडं या साली काय चाललंय तुला माहीत आहे. माणगंगेच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागरी भरतात. टँकर आला की शाळा आपोआप सुटते. माझ्या वर्गातल्या मुली सरकारी सुकडी खाऊन आयांच्या मागं खडी फोडायच्या कामावर जातात. सकाळी निघताना मी तोंड धुतलं ते पाणी पातेल्यात धरून लादी पुसायला ठेवून आले आहे. आणि इथं पाणी काठावरून सांडत होतं, सांडलेल्यावर अबोली आणि केळी पोसलेल्या, आणि सगळ्या चौकाला असा गारवा की डोळे मिटावेत. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझी पोर या घरात आली तर जन्मात डोक्यावर घागर घेणार नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी हो म्हणून बसले होते.

मुलाचे वडील, लालासाहेब, सदरेवर आरामखुर्चीत होते. माणूस गोड. पाहुण्यांना घर पूर्वी तेच दाखवायचे, आता गुडघे धरले आहेत. त्यांनी आत हाक दिली आणि थोरली सून बाहेर आली. शालन नाव तिचं. शिराळ्याकडची, तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी काय करावं? तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा माझ्यापुढं ठेवला. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. म्हटलं, नको, आत्ताच प्यायले. ओठ वाळून फुटले होते ते तिला दिसत नव्हते थोडेच! मग चहा आला. मी गडबडून म्हटलं, आज उपास आहे. ती शांतपणे म्हणाली, "उपासाला च्या चालतोय की बाई. पानीबी चालतंय." पोरांच्या थापा पकडण्यात माझी उमर गेली आणि इथं माझीच पकडली गेली. तेवढ्यात मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "म्हसवडाला प्यायला पानी न्हाई म्हनत्यात, आन तुमी सहल कसली काढताय?" मी म्हटलं, पाऊस झाल्यावर, थंडीत. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग न शिवलेल्या तांब्याकडं पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून कपाटाच्या किल्ल्या वाजल्या. आपल्या लोकांत उन्हातून आलेली बाई पाणी नको म्हणते याचा अर्थ एकच होतो, हे ना दादाच्या ध्यानात आलं, ना माझ्या. एक शब्द न बोलता मी त्या घराला सांगून टाकलं होतं, की मी मुलीकडची.

शालननं मला सगळं घर दाखवलं. खांबांच्या माथ्यावरची केळफुलं, दिवाणखान्यातल्या हंड्या, भिंतीवर रंगवलेले दशावतार, जिन्याच्या पोटातली अंधारी बोळकांडी. कुठलं लाकूड कुठल्या जंगलातलं, कुठल्या रंगात काय खललं होतं, तिला मुखोद्गत होतं. सासरे पाहुण्यांना सांगायचे ते दाराआडून ऐकून शिकली. पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं लावून, पाठ केलेली कविता म्हणावी तशी सांगत होती. हुशार मुलगी मला आवाजावरून कळते. विचारलं, किती शिकलीस? "मॅट्रिकला केंद्रात पयली आलती," म्हणाली आणि लगेच पुढच्या खांबाकडं वळली. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात नुसतीच मोकळी जागा होती. तिथं म्हणे घराण्याची मानाची पालखी असायची, तिच्या लग्नाआधी ती संग्रहालयाला दिली. मी सहज विचारलं, नीट ठेवली आहे का त्यांनी? तर म्हणाली, "मला काय म्हाईत? मी कुटं बगितलीया?" संग्रहालय याच गावात आहे, अंजू. रमतगमत गेलं तरी चालत जाता येतं. लांबलांबची माणसं ती पालखी बघून या घरी येतात, आणि शालन त्यांना पालखीची रिकामी जागा दाखवते.

माडीच्या मागच्या खिडकीशी आम्ही दोघी उभ्या राहिलो, आणि मग तिनं मला विचारायला सुरुवात केली. सकाळी काय काय पाहिलं? राजवाड्यातल्या शाळेत मुली असतात का? तळ्यावर बसायला जागा आहे का? वाचनालयाचं निघालं तेव्हा ती थांबली. "तितं बायका जात्यात? आत बसू देत्यात?" मी त्या दोन मुलींचं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मला कळलं की तिच्याच पेठेची सहल मी तिला घडवते आहे. तिला कुणी कोंडलेलं नाही. दाराला कुलूप नाही. नवरा शेताकडं असतो, सासू गोड बोलते, आणि बाहेर जायची गरज कधी पडत नाही, एवढंच. मग तिनं आवाज उतरवून विचारलं, "मुलगी काय शिकती तुमची?" लपवण्यात आता अर्थ नव्हता. मी तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, धाकट्या भावजींचं लगीन व्हायची मी लय वाट बगती. हितं माज्या वयाचं बोलाय मानूस न्हाई. मानसं वाईट न्हाईत, खायाप्यायाला भरपूर हाय. तुमची मुलगी आली तर माजा दिस जाईल. पर शिकाय लागली आसंल तर नगा देऊ. शिकलेलं हितं कामाला येत न्हाई, आन इसरतबी न्हाई." असं म्हणून ती पदरानं खिडकीचा कठडा पुसायला लागली. कठडा स्वच्छच होता.

खाली उतरताना ती हौदाशी थांबली. म्हणाली, "ह्यो मी सगळ्यास्नी दावती. डोंगरावनं खापरी नळानं पानी येतंय, आसं सांगती. पर पंप न्हाई, काय न्हाई, गोमुखापतूर पानी चढतंय कसं, ते मला कुनी सांगितलं न्हाई. मामंजींना इचारलं, तर म्हनले, पूर्वजांची पुन्याई." आणि तिला हसू आलं. सबंध घर दाखवून झालं तरी ती हसली नव्हती, तिथं हसली. "तुमच्या मुलीला ठावं आसंल न्हवं?" मी म्हटलं, तिला ठाऊक नसलं तर ती जेवायची नाही, एवढं मला माहीत आहे.

सदरेवर आलो तर पाट मांडलेला, कंदी पेढ्यांची बशी, आणि इस्त्रीचा सदरा घालून मुलगा उभा. कृष्णात नाव त्याचं. वाकून नमस्कार केला, तशी मीही मुलीची आत्या म्हणून सांगून टाकलं. दिसायला चांगला, बोलायला मऊ, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. नाव ठेवायला जागा शोधत होते, सापडली नाही. शेवटी मीच विचारलं, मुलीचं शेवटचं वर्ष राहिलंय, पूर्ण करू द्याल? त्याच्या आईनंच उत्तर दिलं. "शिकली तेवडी पुष्कळ झाली की. हितं तिला काय कमी हाय?" मी कृष्णातकडं बघत राहिले. त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं, "आमच्याकडं बायकांना कशासाठी बाहेर जावं लागत नाही, आत्याबाई. सगळं घरात येतं. पाणीसुद्धा." आणि अभिमानानं हौदाकडं हात केला. शालन खांबाशी उभी होती. तिनं मान वर केली नाही.

साळूबाईनं मला फार उशिरा सांगितलं ते आता तुला सांगते. वाठारच्या त्या घरी सगळे पुरुष बैलांचं कौतुक करत होते, तेव्हा आबा गाडीपाशी पान जुळवत उभे होते. त्या घरची सून दाराआडून आबांच्या गाडीवानाला विचारत होती, "वाटंत पिंपोडं लागलं आसंल, तितं माजी आई ऱ्हाती. जिती हाय का?" पिंपोडं तिथून हाकेच्या अंतरावर. आबांनी पान तसंच खिशात घातलं, आत आले आणि पाणी मागितलं. साळूबाई वाचली. माझ्या वेळी आबा नव्हते. माझं सासर बघायला माझे वडील आणि चुलते गेले. त्यांनी खांब पाहिले, म्हशी पाहिल्या, उसाचा फड बघून आले, आणि तहानलेले आणि खूश होऊन घरी परतले. त्या घरातून मी दोन वर्षांत अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आले, ट्रेनिंग कॉलेजात नाव घातलं, हे तुला माहीत आहे. माझं सगळं बरं झालं. पण त्या दिवशी तिथं कुणी तरी एक घोट पाणी प्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं, आणि वाटलं की माझे हातपाय स्वस्थ राहत नाहीत.

आता ऐक. उठायची वेळ झाली. कृष्णातची आई कुंकवाची कोयरी घेऊन आली. मी शालनला म्हटलं, बाई, तांब्याभर पाणी दे. लालासाहेबांची खुर्ची हलायची थांबली. शालननं माझ्याकडं पाहिलं, आणि अंजू, ती हौदाशी गेली, गोमुखाखाली तांब्या धरला, तो भरेपर्यंत पाठमोरी उभी राहिली, आणि तिनंच आणून माझ्या ओंजळीत धार धरली. मी तिची सोबत तिच्याच हातानं पिऊन टाकत होते, आणि ती थांबली नाही. एक तांब्या संपला तशी आपण होऊन दुसरा भरून आणला. तोही मी प्यायले. असलं गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नाही, आणि असलं जड पाणीही नाही. कृष्णातच्या आईचा चेहरा पडला, पण बाई खानदानी. म्हणाली, "प्या, प्या. उनाचं आलाय. पान्याला कोन न्हाई म्हनतंय?" आणि मला कुंकू लावलं. दादा रविवारी तणतणत तुझ्याकडं येईल, तेव्हा त्याच्या तोंडून उलटसुलट ऐकण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून ही धडपड. तुझं लग्न मोडलं आहे आणि मी मोडलं आहे. तो ओरडेल, तू अभ्यासाला बस. परीक्षा झाली की एक काम कर. पाणी पंपाशिवाय कसं चढतं, ते नीट चित्र काढून, सोप्या मराठीत लिहून शालनला पाठव. पाकिटावर 'शाळेच्या सहलीबाबत' असं लिही, म्हणजे ते तिच्या हातात देतील. कारण सहल आता मी खरीच काढणार आहे. पाऊस पडू दे, थंडीत पोरांना घेऊन येते, आणि माहितगार बाई म्हणून शालनला आमच्याबरोबर संग्रहालयापर्यंत पाठवा, असं लालासाहेबांना चारचौघांत हात जोडून सांगते. बघू कसे नाही म्हणतात. तू यायचंस. आणि यापुढं कुणी तुला काही विचारलं, तर 'आत्या म्हणेल ते' असं पुन्हा म्हणू नकोस. तुझी तहान तुला सांगता आली पाहिजे. घरोघरी जाऊन पाणी प्यायला मी कुठवर पुरणार?

गाडी लागली वाटतं. पळते.

तुझीच, पोटभर पाणी प्यायलेली,
मनुआत्या